जॉर्ज विटेट : एक वास्तुविशारद, दोन शैली

मुंबईतील रीगल चित्रपटगृहाच्या परिसरात एकाच वास्तुविशारदाच्या दोन इमारती एकमेकींपासून हाकेच्या अंतरावर उभ्या आहेत. एक प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम, म्हणजे आजचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. दुसरी रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स. दोन्हींचे आराखडे जॉर्ज विटेट (१८७८-१९२६) यांचे असून त्यांच्या उभारणीचा काळही जवळपास एकच आहे. तरीही पहिलीवर घुमट, जाळ्या व सज्जे आहेत, तर दुसरी सरळसरळ युरोपीय वळणाची आहे. हा भेद केवळ कलावंताच्या लहरीतून आला असे मानणे कठीण आहे.

स्कॉटलंडमधील ब्लेअर अॅथॉल येथे जन्मलेले विटेट १९०४ मध्ये जॉन बेग यांचे साहाय्यक म्हणून मुंबईत आले व पुढे मुंबई सरकारचे सल्लागार वास्तुविशारद झाले. संग्रहालयाची कोनशिला ११ नोव्हेंबर १९०५ रोजी बसविण्यात आली. १९०९ च्या खुल्या स्पर्धेतून विटेट यांची निवड झाली. १९१४ मध्ये पूर्ण झालेली ही वास्तू महायुद्धकाळात लष्करी रुग्णालय म्हणून वापरली गेली व १० जानेवारी १९२२ रोजी संग्रहालय म्हणून खुली झाली. तिचा घुमट विजापूरच्या गोलघुमटाची आठवण देतो, तर अंतर्भागात अठराव्या शतकातील एका मराठी वाड्याचे लाकडी खांब, कठडे व सज्जा बसविलेले आहेत. गेटवे ऑफ इंडियाच्या रचनेत सोळाव्या शतकातील गुजरातच्या वास्तुकलेचा अभ्यास दिसतो. या साऱ्याला ‘इंडो-सारासेनिक’ असे एकच नाव देण्याची पाठ्यपुस्तकी सवय विजापूर, अहमदाबाद व मराठी वाडा यांतील वेगळेपण पुसून टाकते. विटेट यांची नजर त्या नावापेक्षा अधिक सूक्ष्म होती.

परंतु प्रश्न उरतोच. जुन्या वस्तूंच्या जतनासाठी देशी रूप आणि विज्ञानाच्या अध्यापनासाठी युरोपीय रूप, या वाटणीत भारताचा भूतकाळ भारतीय व ज्ञानाचा भविष्यकाळ मात्र पाश्चात्त्य, असे गृहीतक डोकावते. विज्ञान संस्थेला कावसजी जहांगीर, जेकब ससून, करीमभाई इब्राहिम, वसनजी त्रिकमजी मुळजी अशा मुंबईच्याच दानशूरांनी आर्थिक साहाय्य केले होते, हे येथे लक्षात घ्यावे लागते.

त्यामुळे सारे खापर साम्राज्यसत्तेवर फोडणे सोयीचे असले, तरी पुरेसे नाही. १९१९ मध्ये विटेट सरकारी सेवा सोडून टाटा समूहाच्या बांधकाम कंपनीत गेले. गेटवेचे उद्घाटन ४ डिसेंबर १९२४ रोजी झाले. त्याच वर्षी त्यांच्याच आराखड्यानुसार टाटांचे मुख्यालय, बॉम्बे हाउस, उभे राहिले. सम्राटाच्या आगमनाच्या स्मारकावर भारतीय कमानी चढल्या आणि भारतीय उद्योगपतींच्या कचेरीने युरोपीय दर्शनी भाग धारण केला. १९२६ मध्ये विटेट यांचे मुंबईतच निधन झाले. शिवडीच्या दफनभूमीत त्यांचे दफन झाले.