ब्लू म्हणजे निळाच का?

फर्स्ट इयरला रूम पार्टनरने विचारलं, "फीलिंग ब्लू म्हणजे अंग निळं पडतं का रे?" मी कॉन्व्हेंटवाला, खदखदून हसलो. सॉरी म्हणायला अख्खं सेमिस्टर लागलं. त्याचा प्रश्न बरोबरच होता. इंग्रजीत ब्लू म्हणजे उदास. आपल्याकडे निळा म्हटलं की आकाश, कृष्ण, फार तर कपड्यांची नीळ. उदासी कुठेच नाही. 'ब्लू कॉलर' म्हणजे कामगार, त्यांच्या निळ्या शर्टांवरून. 'आउट ऑफ द ब्लू' म्हणजे निरभ्र आकाशातून वीज पडावी तसं, अचानक. (आपल्या सरप्राइज टेस्टसारखं!)

'ब्लूप्रिंट' का म्हणतात, हे मात्र व्हायव्हात मलाही सांगता आलं नाही. पार्टनरनेच लायब्ररीतून शोधून आणलं. जॉन हर्शेलने १८४२ साली ही लोहक्षारांची पद्धत शोधली. क्षार लावलेल्या कागदावर ट्रेसिंग ठेवून ऊन दाखवायचं, मग पाण्याने धुवायचं. ऊन लागतं तिथे कागद निळा होतो, रेघांखाली क्षार धुऊन जातात आणि पांढरं राहतं. म्हणजे रेघा निळ्या नसतातच, कागद निळा! पुढे अमोनिया प्रिंट आली, पांढऱ्यावर निळ्या रेघांची. नाव मात्र तेच चिकटलं.

मार खाल्ल्यावर तेवढ्या दोन्ही भाषा एक होतात, 'ब्लॅक अँड ब्लू' आणि काळंनिळं. हेही त्यानेच दाखवलं.