मिकी माऊसमागचे हात

मिकी माऊस कोणाला ठाऊक नाही? वस्तीतल्या मुलांच्या दप्तरावर तो आहे, पाण्याच्या बाटलीवर आहे, वाढदिवसाच्या केकवरही आहे. पण हा उंदीर कोणी घडविला असे विचारले की एकच नाव पुढे येते, वॉल्ट डिस्ने. जगातल्या मोठ्या वास्तूंचे नेहमी असेच होते. नाव मालकाचे कोरले जाते आणि घाम गाळणारे विस्मरणात जातात. ज्या समाजाने या देशात शतकानुशतके राबून घडविले आणि ज्याचे नाव कोणत्याही कोनशिलेवर आले नाही, त्या समाजाने तरी हा इतिहास उलटून पाहिला पाहिजे, असे आम्हाला वाटते.

१६ ऑक्टोबर १९२३ रोजी वॉल्ट आणि रॉय या डिस्ने बंधूंनी लॉस एंजेलिसमध्ये हा स्टुडिओ सुरू केला. १९२८ साली 'स्टीमबोट विली'मधून मिकी आवाजासह पडद्यावर अवतरला. त्याला आकार देण्यात अब आयवर्क्स या चित्रकाराचा फार मोठा वाटा होता; पण जगाच्या स्मरणात राहिला तो वॉल्ट! डिसेंबर १९३७ मध्ये 'स्नो व्हाईट' आला आणि पूर्ण लांबीच्या कार्टूनपटावरही प्रेक्षक रडू-हसू शकतात, हे सिद्ध झाले. ही कला थोर होती, यात वाद नाही. आमचा प्रश्न वेगळा आहे. ती कोणाच्या हातांनी उभी राहिली?

चित्रपटाच्या एका सेकंदाला २४ चौकटी लागतात. कागदावरचे प्रत्येक चित्र पारदर्शक सेल्युलॉइडवर शाईने गिरवायचे, मग उलट बाजूने रंग भरायचे. हे डोळे फोडणारे काम इंक अँड पेंट विभागातील तरुण मुली करीत. १९३८ साली स्टुडिओने एका अर्जदार मुलीला पत्राने कळविले, की सर्जनशील काम स्त्रिया करीत नाहीत, ते तरुण पुरुषांचे काम आहे. म्हणजे रेषा काढणारा वेगळा, गिरवणारी वेगळी आणि गिरवणारीने रेषा काढण्याचे स्वप्नही पाहायचे नाही! बाबासाहेबांनी १९३६ सालीच श्रमांची विभागणी आणि श्रमिकांची विभागणी यांतला भेद दाखवून दिला होता. अमेरिकेत जात नव्हती, पण श्रमिकांची उतरंड मात्र तीच होती.

या उतरंडीला १९४१ साली तडा गेला. मोजक्या वरिष्ठ चित्रकारांना आठवड्याला २०० ते ३०० डॉलर मिळत, तर खालच्यांना विसेक डॉलरवर राबावे लागे. पडद्यावर बहुतेकांचे नावही येत नसे. आर्ट बॅबिट हा वरच्या पगाराचा चित्रकार. 'स्नो व्हाईट'मधील दुष्ट राणी त्यानेच जिवंत केली. पण तो खालच्या पगाराच्या सहकाऱ्यांच्या बाजूने उभा राहिला आणि युनियनचे काम केले म्हणून त्याला काढून टाकण्यात आले. २९ मे १९४१ रोजी शेकडो कामगारांनी स्टुडिओच्या दारात संप पुकारला. अखेर युनियनला मान्यता मिळाली, पगार वाढले, बॅबिटही कायद्याची लढाई जिंकून परत कामावर आला. मालकाने मात्र हे विसरले नाही. १९४७ साली अमेरिकी संसदेच्या चौकशी समितीपुढे वॉल्टने साक्ष दिली आणि संपातील माणसांवर कम्युनिस्ट असल्याचा ठपका ठेवला. आपल्या समाजातील जे लोक पद मिळताच वस्ती विसरतात, त्यांनी बॅबिटचे चरित्र जरूर आठवावे.

आता दुसरे पान. संपाच्याच वर्षी आलेल्या 'डम्बो'त भरपावसात तंबू ठोकणारे मजूर काळे आहेत आणि त्यांना चेहरेच नाहीत! १९४६ साली 'सॉंग ऑफ द साउथ' आला. त्यातील सशा-कोल्ह्याच्या गोष्टी मुळात कृष्णवर्णीय गुलामांच्या. दुबळा ससा बलवानाला बुद्धीने हरवतो, हे त्यांचे सार. स्टुडिओने त्या घेतल्या आणि मळ्यावर काळा माणूस कसा सुखात होता, असे गोड चित्र रंगविले. कृष्णवर्णीयांच्या संघटनेने निषेध केला. चित्रपटाचा पहिला खेळ अटलांटात झाला, तेव्हा मुख्य भूमिका करणारे जेम्स बॅस्केट यांना तेथील वर्णभेदामुळे हजर राहता आले नाही. ज्याच्यासाठी टाळ्या, त्यालाच दार बंद! याच १९४६ साली बाबासाहेबांनी कृष्णवर्णीयांचे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहून अस्पृश्य आणि कृष्णवर्णीय यांच्या स्थितीतील साम्य मांडले होते. पिंजरे दोन असले तरी कुलूप एकच, हे त्यांनी ओळखले होते.

पुढे दार किलकिले झाले. १९५६ साली फ्लॉइड नॉर्मन हा कृष्णवर्णीय तरुण तेथे ॲनिमेटर म्हणून रुजू झाला. कृष्णवर्णीय राजकन्या पडद्यावर यायला मात्र २००९ साल उजाडले. २०२० साली कंपनीने 'डम्बो'सारख्या जुन्या चित्रपटांपूर्वी, ही चित्रणे तेव्हाही चूक होती आणि आजही चूक आहेत, अशा आशयाची सूचना लावली. हे औदार्य नव्हे, कृष्णवर्णीयांच्या अनेक पिढ्यांच्या लढ्याने ते लिहायला लावले.

आपल्याशी याचा आणखी एक धागा आहे. नॉर्मन रुजू झाला त्याच १९५६ साली, म्हणजे नागपूरच्या धम्मदीक्षेच्या वर्षी, डिस्नेत काम केलेले क्लेअर वीक्स मुंबईत आले आणि फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात भारतीय चित्रकारांना शिकवू लागले. त्या विभागाने १९५७ साली केलेला 'द बनियन डियर' हा लघुपट जातककथेवर आहे. गाभण हरिणीऐवजी मृगराज बोधिसत्त्व स्वतःची मान ठोकळ्यावर ठेवतो आणि राजाचे मन पालटते. या देशातील ॲनिमेशनच्या पहिल्या धड्यांत तथागतांची करुणा होती, हे आपल्यापैकी कितीजणांना माहीत आहे?

आज आपली मुले दूरदर्शन संचापुढे तासन्‌तास कार्टून पाहतात. त्यात देव-दानव आहेत, राजे-राजपुत्र आहेत. चवदार तळे कुठे आहे? सावित्रीमाईंची शाळा कुठे आहे? २०११ साली दुर्गाबाई व सुभाष व्याम या गोंड चित्रकारांनी 'भीमायन'मध्ये बाबासाहेबांचे जीवन आपल्या शैलीत चितारले, तेव्हा ती ताकद दिसली. जातककथा आपल्या आहेत, इतिहास आपला आहे. मग चितारणारे हातही आपले हवेत. मुलगा किंवा मुलगी वहीच्या मागे चित्रे काढत असेल तर आईबापांनी रागावू नये. डॉक्टर-इंजिनिअरइतकीच चित्रकारांचीही चळवळीला गरज आहे. दुसऱ्याच्या रेषेत रंग भरण्याचे काम आपण पुष्कळ केले. आता रेषाही आपणच काढू या!