खेळाचे नियम आणि प्रेक्षकांचा निवाडा

चित्रपट पाहून बाहेर पडणारा माणूस थिएटरच्या दारातच निकाल देऊन मोकळा होतो. ‘झकास’ तरी म्हणतो, नाहीतर ‘पैसे फुकट गेले’ म्हणतो. पण हा निकाल कोणत्या मापाने दिला असे विचारले, की बहुतेकांची पंचाईत होते. त्या मापाचा विचार आज आपण एका चित्रपटाच्या आधाराने करू.

‘स्कॉट पिलग्रिम व्हर्सेस द वर्ल्ड’ हा इंग्रजी चित्रपट २०१० साली आला. ब्रायन ली ओ’मॅली या कॅनडातील चित्रकाराने २००४ ते २०१० या काळात सहा चित्रकथा काढल्या, त्यांवर तो आधारलेला आहे. दिग्दर्शक इंग्लंडचे एडगर राइट. कथा टोरांटो शहरात घडते. स्कॉट हा बावीस वर्षांचा, कामधंदा नसलेला तरुण मित्राच्या खोलीत राहतो आणि एका बँडमध्ये गिटार वाजवतो. घरोघर पार्सले पोचवणाऱ्या रमोनावर त्याचे मन जडते. पण तिच्याशी संबंध ठेवायचा तर तिच्या सात जुन्या जोडीदारांना लढाईत हरवले पाहिजे, अशी अट पुढे येते.

या लढाया व्हिडिओ गेमच्या रीतीने दाखवल्या आहेत. ठोसा बसला की पडद्यावर अक्षरे उमटतात, गुणांचे आकडे झळकतात. हरलेला शत्रू मरून पडत नाही. त्याचा स्फोट होऊन खणखणीत नाणी खाली पडतात. पुढे नायकाला एक जादा जीवही मिळतो. मारामारी भरपूर, पण रक्त जवळजवळ नाही.

अशा चित्रपटापुढे प्रेक्षकांचे तीन तट पडतात. पहिला तट लहानपणापासून हे खेळ खेळलेल्यांचा. नाणी पडताच तो हसतो, कारण ही भाषा त्याची घरची आहे. दुसऱ्याला ती भाषा येत नाही, म्हणून त्याला नुसता गोंगाट ऐकू येतो. तिसरा तट आईबापांचा. मुले यातून काय उचलतील, ही त्याची चिंता. तिघेही प्रामाणिक असतात; पण एक कापड गजाने मोजतो, दुसरा शेराने, आणि मग भांडत बसतात.

चौथे माप तिकिटाच्या खिडकीचे. अमेरिकेत पहिल्या आठवड्याअखेर हा चित्रपट पाचव्या क्रमांकावर राहिला. सुमारे ६ कोटी डॉलर खर्चून काढलेल्या चित्रपटाने त्या वेळी जगभरातून ५ कोटीही मिळवले नाहीत. धंद्याच्या हिशेबाने तो पडला. परंतु समीक्षकांपैकी बहुतेकांनी त्याची बाजू घेतली होती, आणि पुढे घरोघरी पाहणाऱ्यांनी त्याला हळूहळू उचलून धरले. २०२१ साली तो पुन्हा थिएटरांत लागला. खिडकी फक्त किती माणसे आत शिरली ते सांगते. ती काय घेऊन बाहेर पडली, हे तिला ठाऊक नसते.

मग न्याय कसा करावा? माझ्या मते दोन प्रश्न क्रमाने विचारावेत. पहिला प्रश्न असा : चित्रपटाने स्वतःसाठी घालून घेतलेला नियम पाळला का? इथे तो नेटाने पाळला आहे, आणि त्यातून अर्थही काढला आहे. शेवटच्या लढाईत स्कॉट प्रेमाच्या बळावर तलवार उपसतो आणि मरतो. जादा जीव वापरून तो तोच प्रसंग पुन्हा जगतो, तेव्हा आपण रमोनाला आणि सतरा वर्षांच्या नाइव्ह्‌ज या मुलीला एकाच वेळी फसवले हे कबूल करतो. आता त्याच्या हाती येणारी तलवार स्वाभिमानाची असते. खेळातली दुसरी संधी ही इथे चूक सुधारण्याची संधी ठरते. ज्याने नुसता गोंगाट ऐकला, त्याच्या हातून हे निसटले.

दुसरा प्रश्न नियमाच्या बाहेरचा : या खेळात हिशेबात काय धरलेच नाही? कामगार संघटनेच्या कामात जन्म गेल्यामुळे मला इथे त्या नाण्यांचा विचार पडतो. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात, अंगठा गेला तर कमाईची शक्ती ३० टक्के गेली, असे धरले होते. माणसाच्या देहाचे पैशात रूपांतर तिथेही आहेच. पण तो आकडा गमावणाऱ्याच्या बाजूने मांडलेला असतो. पडद्यावरची नाणी जिंकणाऱ्याच्या खिशात जातात. हरलेल्याची आई, घर, उद्याची भाकरी यांचा पत्ताच नाही. रक्त दिसत नाही म्हणून हिंसा सौम्य झाली, असे समजणे बरोबर नव्हे. जखम दाखवली नाही की मारणे स्वस्त होते, एवढेच.

रमोनाचीही तीच गत. सात लढायांत ती बक्षीस म्हणून उभी राहते, असा आक्षेप अनेक प्रेक्षकांनी घेतला. २०२३ साली त्याच कथेवर ‘स्कॉट पिलग्रिम टेक्स ऑफ’ ही आठ भागांची चलत्‌चित्रमालिका आली. आवाज जुन्याच नटनट्यांचे. पण पहिल्याच लढाईत स्कॉट नाहीसा होतो आणि शोध घेण्याचे काम रमोनाकडे येते. जुने जोडीदारही आता नुसती नाणी नाहीत, माणसे आहेत.

म्हणून प्रेक्षकाने आपला निकाल जरूर द्यावा, पण कारणांसह द्यावा. मुलगा हसत असेल तर त्याच्या शेजारी बसून तो कशाला हसतो ते समजून घ्यावे, आणि मग त्याला शांतपणे विचारावे : बाळ, ही नाणी कुणाची?