लाकडातील लिग्निन आणि आंबेनळीचा उतार

पोलादपूरहून महाबळेश्वरकडे चढणाऱ्या आंबेनळी घाटात प्रवाशाचे लक्ष दरीकडे असते. अंगावर आलेल्या डोंगराकडे ते क्वचितच जाते. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत तोच डोंगर खाली आला, रस्ता ठिकठिकाणी खचला आणि वाहतूक बंद पडली. डोंगरावरचे ऐन, किंजळ, जांभूळ म्हणजे सरपण वा इमारती लाकूड, ही आपली समजूत जुनीच. आता अशा लाकडाला नवे मोल येऊ पाहत आहे. म्हणून हा प्रपंच.

लाकूड म्हणजे सेल्युलोजचे तंतू आणि त्यांना घट्ट धरून ठेवणारे लिग्निन. रुंद पानांच्या वृक्षांत ते साधारण पाचव्या ते चौथ्या हिश्श्याइतके असते. कागदाला तंतू हवेत, लिग्निन नको. ते राहिले की कागद पिवळा पडतो, हे जुन्या वर्तमानपत्रांची बाडे चाळणारास सांगावयास नको. बहुतेक गिरण्या लाकडाचे तुकडे कॉस्टिक सोडा व सोडियम सल्फाइड यांच्या द्रावणात शिजवतात आणि लिग्निन उतरलेले काळे पाणी आटवून जाळतात. हा निव्वळ अपव्यय म्हणता येणार नाही. त्याच आगीवर गिरणीची वाफ निघते, रसायनेही परत मिळतात.

दुसरी वाट मद्यार्काची. थिओडोर क्लाइनर्ट यांनी १९७१ साली तिचे पेटंट घेतले. पाणी आणि मद्यार्क यांच्या मिश्रणात, दाबाखाली, दोनशे अंश सेल्सिअसच्या आसपास लाकूड शिजवायचे. द्रावण पाण्याने पातळ केले की लिग्निन तपकिरी भुकटी होऊन खाली बसते, आणि मद्यार्क ऊर्ध्वपातनाने परत मिळतो. गंधक नाही, म्हणून त्याची दुर्गंधीही नाही. रुंदपर्णी लाकडाला ही रीत अधिक मानवते. कॅनडातील न्यू ब्रन्सविक प्रांतात १९८९ पासून असा कारखाना काही वर्षे चालला व बंद पडला. दाबाची पात्रे, इंधन, वाया जाणारा मद्यार्क यांचा खर्च लिग्निनच्या विक्रीतून निघाला पाहिजे. खरी मेख तेथे आहे.

गिऱ्हाईक आता दिसू लागले आहे. प्लायवूडच्या चिकटद्रव्यात फिनॉलच्या काही भागाऐवजी लिग्निन चालते. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरजवळ मनसर येथे महामार्गाच्या एका तुकड्यावर लिग्निनमिश्रित डांबर घालण्यात आले. ते पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजने विकसित केले.

घाटाखाली महाडची रासायनिक वसाहत, घाटावर साखर कारखान्यांचा मद्यार्क. मग येथेच असा उद्योग का नको, असे कोणासही सुचेल. प्रश्न लाकडाचा आहे. दरडी केवळ वृक्षतोडीने कोसळतात असे नव्हे. परंतु उतारावरची वरची माती मुळेच धरून ठेवतात. ऐन तोडून डांबर करावे आणि ते डांबर घातलेला रस्ता त्याच उतारावरून दरीत जावा, हा कोणता व्यवहार? बांधावरचे सुबाबूळ चालेल. भाताचा पेंढाही चालेल म्हणावे, तर पोलादपुरात तो गुरांच्या तोंडचा आहे! उद्या कोणी कारखान्याचा अर्ज घेऊन आलाच, तर लाकूड कोठून आणणार हे त्याला आधी विचारावे, आणि घाटमाथ्यापासून पायथ्यापर्यंतचा उतार त्या हिशेबातून लेखी वगळून घ्यावा.