झेंडूची माळ आणि पोलादी महामानव

आमच्या आपटा गावी खंडेनवमीचा दिवस उजाडला की ज्याच्या त्याच्या दारी जे जे म्हणून फिरते, कापते, उचलते अथवा दळते, त्या सर्वांस स्नान घडते. कोयता, विळा, शिवणयंत्र, भाताची गिरणी, रिक्षा, विहिरीवरचा पंप, यांपैकी काहीही हळदकुंकवावाचून राहत नाही. आणि गावाशी ज्याचे नाव जुळते त्या झाडाची पाने दुसऱ्या दिवशी सोने म्हणून लुटली जाण्यापूर्वीच पोलादाचा मान होऊन जातो. यंत्र ही आम्हांस परकी वस्तू नव्हे. आमची पाताळगंगा चैत्र-वैशाखातही आटत नाही, याचे कारण खोपोलीस टाटांच्या ज्या जलविद्युतगृहाची चक्रे १९१५ पासून फिरत आहेत, त्याचे काम आटोपलेले पाणी याच नदीत सोडले जाते; म्हणजे आम्ही ज्या नदीस गंगा म्हणून हात जोडतो तिच्या उन्हाळ्यातल्या अस्तित्वातही यंत्राचा वाटा आहे.

माझी स्वतःची उमेदीची वर्षे रसायनीच्या एका कारखान्यात, देखभाल खात्यात गेली. तेथे चालू यंत्र सणासाठी थांबवण्याची सोय नसे, म्हणून जोडीतले राखीव यंत्र पुसूनपासून त्याच्या कपलिंगच्या जाळीवर झेंडूची माळ चढवीत आणि चालू यंत्रास दुरून नमस्कार करीत. यंत्राची प्रकृती पाहण्याची आमची रीत साधी होती: लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक बेअरिंगच्या घरावर टेकवावे, मूठ कानामागच्या हाडास लावावी आणि डोळे मिटावेत; मग आतल्या गोळ्या सुखाने फिरत आहेत की त्यांत खरखर शिरली आहे, हे हातातल्या कागदावरील आकड्यांच्या आधी कळत असे.

हे सर्व सांगण्याचे प्रयोजन असे की, जपानी चित्रपटसृष्टीत ‘मेका’ या नावाने ओळखला जाणारा जो प्रकार आहे, ज्यात घराएवढे अथवा डोंगराएवढे यंत्रमानव एकमेकांशी झुंजतात, तो मला अनेक वर्षे मुळीच आवडत नसे, आणि त्या नावडीचे मूळ याच खात्यात होते. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर ‘जायंट रोबो’ ही मालिका लागे, आणि मनगटावरच्या घड्याळात हुकूम सोडणाऱ्या त्या मुलाकडे आळीतली सारी पोरे श्वास रोखून पाहत. मी मात्र पाहता पाहता हिशेब करी: या यंत्रास तेल कोण घालतो? काल राक्षसाने मोडलेला त्याचा हात आज जागेवर आला तो कोणत्या रात्रपाळीने बसवला? दर आठवड्यास एक राक्षस, दर आठवड्यास एक आरोळी, एक अंतिम प्रहार, आणि पुढील आठवड्यास यंत्र पुन्हा कोरे करकरीत. ज्या यंत्राची झीज होत नाही ते यंत्रच नव्हे, आणि ज्या विजयाचा खर्च कोणाच्याच खात्यावर पडत नाही त्यात माझे मन रमत नाही. ज्या वाचकांनी असे दोन-चार भाग पाहून या संपूर्ण प्रकारावर फुली मारली असेल, त्यांच्यासाठी हा लेख आहे. कारण माझीही फुली तशीच होती आणि ती माझ्या नातवाने पुसली.

या परंपरेचा उगम मात्र पोरखेळात नाही, हे आरंभीच नमूद केले पाहिजे. मित्सुतेरू योकोयामा हे कोबे शहरचे. युद्धकाळात बॉम्बवर्षावाने बेचिराख झालेले आपले गाव त्यांनी बालवयात पाहिले होते. १९५६ साली त्यांनी ‘तेत्सुजिन २८’ ही चित्रकथा सुरू केली, तीत जपानी लष्कराने युद्धासाठी गुप्तपणे घडविलेला एक लोहपुरुष युद्ध संपल्यावर मागे उरतो, आणि ज्याच्या हाती नियंत्रणपेटी त्याचा तो चाकर होतो, मग तो सज्जन असो वा दरोडेखोर. पुढे १९७२ साली गो नागाई यांच्या ‘माझिंगर झेड’मध्ये चालक यंत्राच्या मस्तकातच जाऊन बसला, वाहनांच्या कोंडीत अडकले असता, आपल्या मोटारीस पाय फुटले तर काय बहार होईल, या विचारातून ही कल्पना सुचल्याचे नागाई सांगतात. आणि १९७९ च्या एप्रिलात योशियुकी तोमिनो यांच्या ‘मोबाइल सूट गंडाम’ने या यंत्रास फौजेच्या दफ्तरात नोंदले: येथे यंत्रमानव म्हणजे रणगाड्यासारखी एक सरकारी वस्तू, जिला दारूगोळा संपतो, जिचे सुटे भाग वेळेवर येत नाहीत आणि जिचा चालक भेदरलेला मुलगा असतो. प्रेक्षकांनी प्रथम पाठ फिरवली, ५२ भागांची योजना ४३ वर गुंडाळावी लागली, आणि नंतर प्लास्टिकच्या प्रतिकृती व चित्रपट यांच्या योगे तीच मालिका घरोघर पोचली. इतका इतिहास पुरे; कारण मी येथे ज्यांची शिफारस करणार आहे त्या कृतींचे मोल या वंशावळीवर अवलंबून नाही.

गेल्या वर्षी पावसाळ्यात नातू पनवेलहून आमच्याकडे राहण्यास आला, आणि तीन दिवस पाऊस न खळल्यामुळे, “आजोबा, तुम्ही हे एकदा बघाच, यात फिटर लोक आहेत,” असे म्हणून त्याने ‘पॅटलेबर’ लावले. ‘फिटर लोक’ या दोन शब्दांवर मी बसलो, तो उठलो नाही. १९८८ साली हेडगिअर या पाच जणांच्या मंडळीने ही सृष्टी उभी केली. चित्रकथा मासामी युकी यांची, पहिल्या भागांचे दिग्दर्शन मामोरू ओशी यांचे. कल्पना अशी की टोकियोच्या बांधकामांवर क्रेन व पोकलेनप्रमाणे ‘लेबर’ नावाचे यंत्रमानव राबू लागले आहेत. साहजिकच त्यांचे अपघात होतात, चोऱ्या होतात, दारूच्या नशेत कोणी ते घरावर घालतो. तेव्हा पोलीस खात्यास त्यांच्या बंदोबस्तासाठी स्वतःचे यंत्रमानव बाळगावे लागतात. पोलिसांचे हे इंग्राम यंत्र जेमतेम ८ मीटर उंच, म्हणजे आमच्याकडच्या कौलारू माडीच्या घरापेक्षा थोडे अधिक. ते मोठ्या ट्रकवर आडवे घालून जागेवर न्यावे लागते आणि तो ट्रक रहदारीत अडकतो. यंत्र फुटले की अहवाल लिहावा लागतो, वरिष्ठांची चौकशी लागते, आणि वृत्तपत्रे चोरापेक्षा पोलिसांनीच अधिक नासधूस केली असे छापतात.

त्यातला साकाकी नावाचा वृद्ध मुख्य कारागीर पाहून मी थक्क झालो. काळा चष्मा लावलेला हा गृहस्थ यंत्रशाळेत शिरला की शंभर हात एकदम कामास लागतात. आणि नोआ इझुमी या तरुण चालिकेने यंत्रास ओरखडा पाडून आणला की त्याच्या मुद्रेवर जे उमटते ते मी आमच्या फोरमनच्या मुद्रेवर असंख्य वेळा पाहिले आहे. ही नोआ आपल्या यंत्रास अल्फॉन्स या लाडक्या नावाने हाक मारते आणि त्याचे अंग स्वतः पुसते. पथकाचे ठाणे समुद्रात भर घालून काढलेल्या ओसाड जमिनीवर आहे. जवळ दुकान नाही, खानावळ एकच, म्हणून मंडळी कोंबड्या पाळतात, टोमॅटो लावतात आणि खाडीत गळ टाकतात. दूरचित्रवाणी मालिकेतील एका संपूर्ण भागात शत्रू येत नाही, यंत्र हलत नाही. मागवलेले जेवण येत नाही आणि त्याचा शोध घेण्यास गेलेला माणूस परतत नाही, एवढ्यावर सारा भाग तोलला आहे, आणि आम्ही दोघे हसून हसून बेजार झालो. ज्याने कोठेतरी आडवळणी सरकारी नोकरी केली आहे, त्यास हा भाग आपल्याच कचेरीचा वाटेल.

युद्ध हा ज्यांना करमणुकीचा विषय वाटत नाही, त्यांनी १९८९ चे ‘वॉर इन द पॉकेट’ पाहावे. अवघे सहा भाग. नाव गंडामचे असले तरी मागील कोणतीही कथा ठाऊक असण्याची गरज नाही. आल नावाचा शाळकरी मुलगा युद्धाच्या वेडाने झपाटलेला आहे; सैनिकी बिल्ले गोळा करणे, खेळण्यांच्या बंदुका झाडणे, शाळेच्या डोक्यावरून यंत्रमानव गेला तर आनंदाने ओरडणे. मग शत्रुपक्षाचा एक कोवळा सैनिक त्याचा मित्र होतो, आणि शेजारच्या घरातील प्रेमळ ताई कोणत्या यंत्रात बसते हे मुलास ठाऊक नसते. यापुढचे मी लिहीत नाही. शेवट शाळेच्या पटांगणावर, प्रार्थनेच्या रांगेत होतो. तेथे आल रडू लागतो, तेव्हा त्याचे मित्र त्याची समजूत घालतात की लवकरच दुसरे युद्ध येईल, आणि ते याहून मोठे असेल. नातू त्या वेळी काही बोलला नाही. त्याने संच बंद केला आणि अंगणातल्या पागोळ्या पाहत उभा राहिला.

तोमिनो यांनीच १९९९ साली आरंभलेल्या ‘टर्न ए गंडाम’विषयी मला अधिक विस्ताराने लिहायचे आहे, कारण तीत एक दृश्य असे आहे की जे मराठी माणसाइतके अन्य कोणास समजेल असे वाटत नाही. यातली पृथ्वी प्राचीन महायुद्धे विसरून गेलेली, नुकतीच आगगाडी व विमान शिकू लागलेली आहे. एका डोंगरावर शुभ्र पाषाणाची महाकाय मूर्ती आहे. गावची मुले वयात आली की रात्री दिवट्या घेऊन तिच्यापुढे विधी करण्यास जातात. त्याच रात्री आकाशातून चंद्रवासीयांची फौज उतरते, आणि भर विधीत त्या मूर्तीवरचा दगड तडकून गळून पडतो व आतून यंत्र प्रकट होते. शतकानुशतके लावलेल्या शेंदराचे कवच एखाद्या दिवशी आपोआप निखळावे आणि आतील मूळ मूर्तीचे अपरिचित मुख गावकऱ्यांसमोर यावे, असे प्रसंग आपल्या महाराष्ट्रातील देवळांतून घडत आले आहेत, आणि त्या वेळी भक्ताच्या मनात आनंदापेक्षा जो धसका उठतो तोच या दृश्यात आहे. पुढे हे संहारक यंत्र काय करते? लॉरान नावाचा शांतवृत्तीचा मुलगा, जो खाणमालकाच्या घरी मोटार हाकतो, त्या यंत्राकरवी गाई वाहून नेतो आणि एकदा तर कपड्यांचा ढीगही धुऊन काढतो. लढाया आहेतच, परंतु पन्नास भागांचा मोठा हिस्सा जमिनीच्या वाटाघाटींनी व्यापला आहे: चंद्रवासी म्हणतात आम्ही मूळचे इथलेच, पृथ्वीवासी म्हणतात नांगर आमचा चालतो. यंत्राची आकृती अमेरिकन कल्पक सिड मीड यांनी रेखिली; तिच्या तोंडावर मिशा आहेत, आणि त्या मिशांवर लोकांनी प्रारंभी फार नाके मुरडली. मला तर त्यांमुळेच ते यंत्र घरातले वडीलधारे वाटते.

‘इव्हान्जेलिअन’चे नाव घेतल्यावाचून सुटका नाही. हिदेआकी आन्नो यांची ही २६ भागांची मालिका ऑक्टोबर १९९५ मध्ये जपानात सुरू झाली. त्याच महिन्यात आमच्या आपटा स्थानकाच्या फलाटावर चित्रित झालेला ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’चा शेवट साऱ्या देशाने पाहिला, म्हणून तो महिना मला चटकन आठवतो. एक मुलगा बापाच्या हुकमाने यंत्रात बसतो. पाठीची विजेची तार तुटली की पाच मिनिटांत यंत्र निःशक्त होते. कृती थोर आहे, परंतु ती मनास फार खोल टोचते, आणि विषण्ण अवस्थेत तिच्या वाटेस जाऊ नये असे मी मनापासून सांगतो. त्यापेक्षा २०१३ ची ‘गार्गांटिया’ घ्यावी: समुद्रावर तरंगणाऱ्या जहाजांच्या गावात एक परका सैनिक येतो, आणि त्याचे युद्धयंत्र चेंबर हळूहळू ओझी उचलण्यास व दुभाष्याचे काम करण्यास लागते. तेरा भाग आहेत. दोन संध्याकाळी पुरतात.

आणि अखेरीस पुन्हा पॅटलेबर, कारण त्याचा १९८९ चा पहिला चित्रपट हा माझ्या दृष्टीने या सर्वांत श्रेष्ठ आहे. टोकियोच्या उपसागरात बांध घालून नवी जमीन काढण्याची ‘बॅबिलन’ नावाची अवाढव्य योजना चालू आहे, आणि लेबर यंत्रे मुळात त्यासाठीच वाढली. होबा नावाचा एक आज्ञावलीकार बहुतेक यंत्रांत आपली नवी प्रणाली बसवून चित्रपटाच्या पहिल्याच दृश्यात समुद्रात उडी घेतो. त्याचा माग काढीत एक पोलीस अधिकारी भर उन्हात त्याच्या जुन्या बिऱ्हाडांवरून फिरतो, आणि प्रत्येक बिऱ्हाड पडके, पाडायला काढलेले, नव्या मनोऱ्यांच्या सावलीत बुडालेले. या लांब दृश्यात संवाद जवळजवळ नाहीत. मी ते पाहत असता मला चिंचपाडा, कोपर, कोल्ही, वरचे ओवळे ही गावे दिसत होती, ज्यांच्या जागी आता नवी मुंबईचा विमानतळ उभा आहे. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याचे उद्घाटन झाले, त्यासाठी उलव्याचा डोंगर कापला गेला आणि नदीचे पात्र वळवले गेले. नवी मुंबई वसवण्यासाठी जमिनी घेणाऱ्या सिडकोची स्थापना १९७० ची. जमिनीच्या रास्त मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९८४ साली जासई येथे जे आंदोलन झाले त्यात आमच्या परिसराने पाच माणसे गमावली. विमानतळाबद्दल माझी तक्रार नाही, माझी सून त्याच कामावर नोकरी करते. परंतु भर घातलेल्या जमिनीखाली कोणाचे उंबरठे आहेत हे विचारणारा चित्रपट यंत्रमानवांच्या कथेतून यावा, आणि तो तेथे जपानात इतक्या आधी तयार झालेला असावा, याने मी फार हेलावलो.

यंत्रे अकस्मात बेफाम का होतात, याचे उत्तर त्यात असे मिळते की उंच इमारतींच्या फटींतून वारा वाहिला की एक मंद घुमार उठतो, माणसाच्या कानास तो ऐकू येत नाही, आणि होबाच्या प्रणालीस तो बरोबर ऐकू येतो.

यंदा भाद्रपदात मी मुलाकडे पनवेलला होतो. अठरावा मजला, समोर तशाच उंचीचे तीन मनोरे, आणि मध्यरात्री वावटळ सुटली. खिडक्या बंद असूनही भिंतीतून काहीतरी गुणगुणत होते. नातू अंथरुणातून उठून माझ्यापाशी आला आणि हळूच म्हणाला, “आजोबा, होबाचा वारा?” मी त्यास गप्प राहण्याची खूण केली, स्वयंपाकघरातून लांब स्क्रूड्रायव्हर मागवला, त्याचे टोक खांबावर टेकवले आणि मूठ कानामागे लावून डोळे मिटले. थोड्या वेळाने त्याने माझ्या हातून तो घेतला व स्वतः तसाच उभा राहिला.