कुंडीतला गांजा : बर्लिनमध्ये मुभा, पुण्यात तुरुंग

विशेष प्रतिनिधी

घराच्या एका कोपऱ्यात, चार कुंड्या आणि एका दिव्याच्या जोरावर, 'अल्प खर्चात' गांजाचे झाड वाढवता येते, असे सांगणाऱ्या चित्रफितींचा इंटरनेटवर सुळसुळाट आहे. त्यांतील बहुतेक चित्रफिती अमेरिका, कॅनडा वा युरोपातील आहेत. तेथील काही ठिकाणी अशी लागवड कायदेशीर आहे, हे खरे. मात्र त्या पाहणारा तरुण पुण्यात, ठाण्यात किंवा नाशिकमध्ये बसलेला असतो आणि त्याच्यासाठी याच कृत्याचा अर्थ दहा वर्षांपर्यंतचा सश्रम कारावास असा होऊ शकतो. एकाच झाडाबाबत दोन देशांचे कायदे इतके वेगळे का, आणि 'स्वस्त' म्हणवल्या जाणाऱ्या या छंदाची खरी किंमत काय, हे समजून घेणे म्हणूनच आवश्यक ठरते.

जर्मनीत नेमके काय बदलले?

जर्मनीच्या संसदेने २३ फेब्रुवारी २०२४ रोजी गांजाविषयक नव्या कायद्याला मंजुरी दिली आणि १ एप्रिल २०२४ पासून तो लागू झाला. त्यानुसार अठरा वर्षांवरील व्यक्तीला घराबाहेर २५ ग्रॅम, तर घरात ५० ग्रॅमपर्यंत वाळलेला गांजा बाळगता येतो. स्वतःच्या वापरासाठी घरात एका वेळी तीन झाडे लावण्याची मुभाही मिळाली. १ जुलै २०२४ पासून जास्तीत जास्त ५०० सभासदांच्या, नफा न कमावणाऱ्या लागवड संघांनाही परवानगीची वाट खुली झाली.

ही मुभा मोकाट नाही. किमान सहा महिने जर्मनीत वास्तव्य असलेल्यालाच घरी झाडे लावता येतात. झाडे व त्यांचे उत्पन्न मुलांच्या हाती लागणार नाही, अशी व्यवस्था करावी लागते. वासाचा शेजाऱ्यांना अवाजवी त्रास होता कामा नये. घरी पिकवलेला गांजा विकणे तर सोडाच, मित्राला फुकट देणेही गुन्हा आहे. शाळा आणि क्रीडांगणांच्या परिसरात सेवनाला बंदी आहे. वाहनचालकाच्या रक्तातील मादक घटकाची मर्यादाही ऑगस्ट २०२४ पासून ठरवून देण्यात आली आहे.

कॅनडाने १७ ऑक्टोबर २०१८ पासून प्रत्येक घरामागे चार झाडांना राष्ट्रीय कायद्याने परवानगी दिली. तरीही क्वेबेक प्रांताने घरगुती लागवडीवर बंदी घातली आणि तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये ती वैध ठरवली. म्हणजे जेथे कायदा सैल झाला, तेथेही प्रांताची सीमा ओलांडताच नियम बदलू शकतो. उच्च शिक्षणासाठी जर्मनी वा कॅनडात गेलेल्या मराठी विद्यार्थ्यांनी ही बाब विशेष ध्यानात ठेवायला हवी. तेथे जे चालते ते सामानातून मायदेशी आणणे म्हणजे अमली पदार्थांची आयात ठरते. 'तिकडे कायदेशीर होते' हा बचाव मुंबईच्या विमानतळावर टिकत नाही.

भारतीय कायदा काय सांगतो?

भारतात १९८५ पर्यंत गांजाचा कारभार अबकारी खात्याच्या परवान्यांवर चाले. ब्रिटिश सरकारने १८९३-९४ मध्ये नेमलेल्या चौकशी आयोगाने तर संपूर्ण बंदीऐवजी नियंत्रण व करआकारणीचा मार्ग सुचवला होता. पुढे १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारात भारत सहभागी झाला आणि १४ नोव्हेंबर १९८५ पासून 'एनडीपीएस' या नावाने ओळखला जाणारा अमली पदार्थविरोधी कायदा देशभर लागू झाला.

या कायद्याच्या व्याख्येनुसार झाडाची फुलोऱ्याची शेंडे म्हणजे गांजा आणि त्यापासून वेगळी काढलेली राळ म्हणजे चरस. शेंड्यांसोबत नसलेली पाने व बिया व्याख्येबाहेर आहेत. भांगेला केंद्रीय कायद्यात मिळालेली सवलत येथूनच येते. परंतु याचा अर्थ भांगेसाठी झाड लावता येते असा मुळीच नाही. कलम ८ नुसार गांजाच्या झाडाची लागवड करण्यावरच बंदी आहे. शिवाय भांगेचे नियमन राज्ये करतात आणि महाराष्ट्रात दारूबंदी कायद्यानुसार तिलाही परवाना लागतो.

सर्वसाधारण गैरसमज येथेच होतो. गांजा बाळगण्याच्या गुन्ह्यात प्रमाणानुसार शिक्षा कमी-जास्त होते. एक किलोपर्यंतचे प्रमाण 'अल्प' मानले जाते व त्यासाठी एक वर्षापर्यंत कारावास, दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. वीस किलोपासून पुढे 'व्यापारी' प्रमाण सुरू होते व किमान शिक्षाच दहा वर्षांची होते. लागवडीला मात्र अशी पायरी नाही. कलम २० मध्ये लागवडीसाठी दहा वर्षांपर्यंत सश्रम कारावास व एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. 'एकच कुंडी होती' हा मुद्दा न्यायालय शिक्षेचे माप ठरवताना विचारात घेईल. गुन्हा मात्र त्यामुळे पुसला जात नाही.

याच कायद्याचे कलम २५ घरमालकांनीही वाचावे असे आहे. आपल्या ताब्यातील जागेचा वापर अशा गुन्ह्यासाठी जाणूनबुजून होऊ देणाऱ्यालाही त्या गुन्ह्याचीच शिक्षा लागू होते. कर्नाटकातील शिवमोग्गा येथे २०२३ मध्ये भाड्याच्या घरात अशी लागवड केल्याच्या आरोपावरून वैद्यकीय विद्यार्थ्यांना अटक झाली होती. २०२४ मध्ये ग्रेटर नोएडातील एका सदनिकेतही असाच प्रकार उघडकीस आला.

उत्तराखंडसारख्या राज्याने तंतू व बियांसाठी परवानाधारक लागवडीचा मार्ग खुला केला, तो याच कायद्यातील कलम १४ च्या आधारे. तेथे मादक घटकाचे प्रमाण ०.३ टक्क्यांपेक्षा कमी असलेल्या जातींचाच विचार होतो. वैयक्तिक नशेसाठीच्या कुंडीचा त्याच्याशी संबंध नाही.

'अल्प खर्चा'चे गणित

कायदा क्षणभर बाजूला ठेवला, तरी स्वस्ताईचा दावा तपासण्याजोगा आहे. हे मुळात उन्हातले झाड. बंद खोलीत वाढवायचे तर सूर्य विजेवर आणावा लागतो. तीनशे वॅटचा एक दिवा रोज बारा तास जळला, तर महिन्याला १०८ युनिट वीज लागते. महावितरणच्या घरगुती दरपत्रकात शंभर युनिटनंतर महाग टप्पा सुरू होतो. दिव्याची उष्णता बाहेर टाकणारे पंखे व उन्हाळ्यातील वातानुकूलन यांचा खर्च निराळाच.

मोठ्या प्रमाणावर हे गणित आणखी धक्कादायक होते. एव्हान मिल्स या ऊर्जातज्ज्ञाने २०१२ मध्ये काढलेल्या अंदाजानुसार अमेरिकेतील एकूण विजेपैकी सुमारे एक टक्का वीज बंदिस्त गांजा लागवडीवर खर्च होत होती. कोलोरॅडो स्टेट विद्यापीठातील संशोधकांनी २०२१ मध्ये दाखवून दिले की, अशा पद्धतीने एक किलो वाळलेली फुले तयार करताना, ठिकाणानुसार, सुमारे २,२८३ ते ५,१८४ किलो कार्बन डायऑक्साइडइतके उत्सर्जन होते.

बंद खोलीतील दमटपणामुळे भिंतींना व झाडालाही बुरशी धरते. ती धुरावाटे फुप्फुसात जाणे प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांसाठी विशेष धोक्याचे. तात्पुरत्या वायरिंगवर तासन्तास चालणारी जड उपकरणे आणि शेजारी पाण्याचा वापर, हे आगीला व विजेच्या धक्क्याला आमंत्रणच. इमारतीत त्याचा धोका केवळ त्या एका सदनिकेपुरता राहत नाही.

पूर्वीचा गांजा राहिला नाही

'साधू-बैरागी ओढतच होते' हा युक्तिवादही आज अपुरा पडतो. टीएचसी या मादक घटकाची रचना इस्रायलमधील राफेल मेशुलम व येहिएल गाओनी यांनी १९६४ मध्ये उलगडली. अमेरिकेत जप्त केलेल्या नमुन्यांत १९९५ मध्ये या घटकाचे सरासरी प्रमाण सुमारे चार टक्के होते. २०२१ मध्ये ते पंधरा टक्क्यांवर पोहोचले. बँकॉकहून येणाऱ्या प्रवाशांकडून मुंबई विमानतळावर अलीकडच्या वर्षांत वारंवार पकडला गेलेला 'हायड्रोपोनिक' गांजाही बंदिस्त लागवडीतलाच माल म्हणून ओळखला जातो.

मेंदूची वाढ विशीच्या मध्यापर्यंत सुरू असते. त्या वयात, विशेषतः तीव्र गांजाचे नियमित सेवन करणाऱ्यांत स्मरण व एकाग्रतेवर परिणाम होतो आणि भ्रम, संशय यांसारख्या मनोविकारांचा धोका वाढतो, असे अनेक अभ्यासांतून दिसून आले आहे. घरात मनोविकाराचा इतिहास असल्यास हा धोका अधिक.

घरच्यांनी काय करावे?

केंद्र सरकारसाठी 'एम्स'ने केलेल्या व २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणानुसार देशात सुमारे ३.१ कोटी लोकांनी वर्षभरात भांग, गांजा वा चरसाचे सेवन केले होते. त्यामुळे 'आमच्या घरात असे काही नाही' या समजुतीवर विसंबणे धोक्याचे. मुलाच्या खोलीत अशी कुंडी आढळली तर आरडाओरडा करून त्याला घराबाहेर काढणे वा प्रकार दडपून टाकणे, हे दोन्ही मार्ग घातक. प्रथम वकिलाचा व मानसोपचारतज्ज्ञाचा सल्ला घ्यावा. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ ही राष्ट्रीय निःशुल्क दूरध्वनी सेवा उपलब्ध आहे. अल्प प्रमाण बाळगल्याचा वा सेवनाचा आरोप असलेली व्यसनी व्यक्ती स्वेच्छेने मान्यताप्राप्त संस्थेत उपचार घेत असेल, तर कलम ६४-अ नुसार तिला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. लागवडीच्या गुन्ह्याला मात्र हे संरक्षण नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने २ डिसेंबर २०२० रोजी गांजाला सर्वाधिक कडक यादीतून वगळले, तेव्हा भारताने त्या बाजूने मतदान केले होते. औषधी उपयोगाच्या संशोधनाला त्यामुळे बळ मिळाले. कायदा बदलावा की नाही, यावर देशात चर्चा जरूर व्हावी. परंतु ती चर्चा सुरू असेपर्यंत कुंडीत बी पेरणाऱ्याला न्यायालय आजच्याच कायद्याने मोजणार आहे. परदेशातील चित्रफीत ही गोष्ट सांगत नाही.