बैठकीतील प्रश्न कसा असावा?

औषधी निर्माणशाळेतील विचारविनिमयाची बैठक फलदायी होणार की नाही, हे बहुधा मालकाच्या पहिल्या प्रश्नावरच ठरते, असा आमचा अनुभव आहे.

एका पावसाळ्यात आमच्या लवणभास्कर चूर्णाच्या बाटल्यांत खडे झाल्याच्या तक्रारी आल्या व माल परत येऊ लागला. सर्वांना एकत्र बसवून आम्ही विचारले, "चूक कोणाची?" चूर्ण विभागाने भरणी विभागाकडे बोट दाखविले, भरणी विभागाने बाटल्या पुरविणाऱ्याकडे. तास गेला, निष्पन्न काहीच नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही प्रश्न बदलला : "दळणापासून बाटलीला झाकण लागेपर्यंत चूर्णास उघडी हवा कोठे कोठे लागते?" आदल्या दिवशी गप्प बसलेल्या भरणीच्या बाई म्हणाल्या, "जेवणाच्या सुटीत परात उघडीच असते." सामुद्र व सौवर्चल लवण असलेल्या चूर्णास दमट हवेत तेवढा अवधी पुरेसा होतो.

चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या ८व्या अध्यायात तद्विद्यसंभाषेचे संधाय व विगृह्य असे दोन प्रकार सांगितले आहेत. आमच्या पहिल्या प्रश्नाने सहकाऱ्यांना विगृह्य संभाषेतच ढकलले होते.

सूत्रस्थानाचा २५वा अध्याय या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखा आहे. पुरुष ज्यापासून उत्पन्न होतो त्यापासूनच त्याचे रोगही उत्पन्न होतात काय, असा प्रश्न काशिपती वामक विचारतो. पुनर्वसू आत्रेय स्वतः उत्तर न देता तो ऋषींपुढे ठेवतात. कोणी आत्मा, कोणी रस, कोणी कर्म, कोणी काल हे कारण सांगतो. प्रत्येक जण आधीच्याचे खंडन करतो. शेवटी आत्रेय पक्षाग्रह सोडण्यास सांगून निर्णय देतात : ज्या भावांच्या संपदेतून पुरुष, त्यांच्याच विपदेतून व्याधी. गुरूंनी आरंभीच मत दिले असते तर एवढे पक्ष पुढे आले असते काय? आमच्या बैठकांत मात्र मालकच प्रथम बोलतो! (आम्हीही त्यास अपवाद नव्हतो.)

अमेरिकेतील अलेक्स ऑस्बॉर्न यांनीही १९५३च्या आपल्या ग्रंथात, कल्पना सुचत असताना टीका थांबवावी, असा आग्रह धरला. म्हणून "हे परवडेल का?" हा प्रश्न आम्ही दुसऱ्या बैठकीसाठी राखून ठेवतो. "का केले?" या प्रश्नाने कामगारास चौकशी चालल्यासारखे वाटते; "कसे करता?" असे विचारले की तो हातांनी दाखवू लागतो.

आता प्रश्न आदल्या दिवशीच फळ्यावर लिहिला जातो. भरणीच्या परातीवर झाकण आले आहे. साठवणीच्या खोलीतील ओलाव्याचा प्रश्न येत्या बैठकीत घ्यावयाचा आहे.